मेरी स्ट्रीटवरील जुने चर्च

डब्लिन शहराच्या मधून लिफी नदी पूर्वेकडे समुद्राला जाऊन मिळते. या नदीच्या उत्तर तीरावर, दुकानांनी गजबजलेल्या मेरी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर, करड्या दगडाची एक जुनी वास्तू उभी आहे. ती चर्च आहे हे बाहेरून पाहणाऱ्यास कोणी सांगावे लागत नाही. आत पाऊल टाकले म्हणजे मात्र नवखा मनुष्य क्षणभर गोंधळतो. जेथे प्रार्थनेची बाके असावयाची, तेथे भोजनाची मेजे मांडलेली आहेत. मध्यभागी मद्यविक्रीचा लांबलचक कट्टा आहे, आणि वरच्या सज्जात सुमारे तीन शतकांपूर्वीच्या ऑर्गनचा कोरीव लाकडी घाट खालच्या गर्दीकडे मुकाट्याने पाहत उभा आहे. चर्चच्या दक्षिणेस एक मोकळा चौक आहे. ऊन पडले की आसपासच्या दुकानांतील माणसे दुपारचे खाणे घेऊन तेथे येऊन बसतात. ती बसतात ती एका जुन्या दफनभूमीवर.

श्रोतेहो, या वास्तूचे नाव सेंट मेरी चर्च. दगडामातीची जुनी चर्चे युरोपात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यातील कित्येक शिल्पाच्या दृष्टीने याहून फार मोठी आहेत. परंतु आयर्लंडच्या इतिहासातील राज्यकर्ते आणि बंडखोर यांच्यातील नाते किती गुंतागुंतीचे होते हे जर एकाच आवारात उभे राहून समजून घ्यावयाचे असेल, तर त्याला या जागेइतकी दुसरी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

मेरी हे नाव येथे चर्चच्याही आधीपासून होते. इसवी सन ११३९ मध्ये या परिसरात सेंट मेरीचा मठ स्थापन झाला. पुढे तो सिस्टर्शियन पंथाच्या साधूंकडे आला आणि आयर्लंडमधील अत्यंत श्रीमंत मठांत गणला जाऊ लागला. आठव्या हेन्री राजाने मठ खालसा केले, तेव्हा १५३९ साली याचाही शेवट झाला. साधूंच्या सभेचे एक कमानदार दालन तेवढे आज शिल्लक आहे. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी सर हम्फ्री जर्व्हिस या धनिकाने येथील जमिनीवर रस्ते आखले, नदीवर पूल बांधविला आणि एक नवीन प्रतिष्ठित वस्ती उभी केली. तोपर्यंत नदीच्या उत्तरेस सेंट मिशन हे एकच पॅरिश होते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या देखरेखीखालील वस्ती. आपल्याकडे वसईचा ख्रिस्ती समाज तिला धर्मग्राम म्हणतो. वस्ती वाढली तेव्हा १६९७ साली त्या एका पॅरिशची तीन करण्यात आली, आणि त्यांतील एकाला मेरीचे जुने नाव मिळाले. १७०० च्या सुमारास नव्या चर्चचे काम सुरू झाले. आराखडा होता सर विल्यम रॉबिन्सन या सरकारी वास्तुरचनाकाराचा. डब्लिनमधील किलमेनहॅमचे जुन्या सैनिकांसाठी बांधलेले रुग्णालय आणि मार्शचे ग्रंथालय ही याच गृहस्थाची कामे होत.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. हे चर्च आयर्लंडमधील बहुसंख्य जनतेचे नव्हते. आयरिश प्रजा मुख्यतः रोमन कॅथॉलिक; राज्य मात्र प्रॉटेस्टंटांचे. सेंट मेरी हे राजमान्य अँग्लिकन पंथाचे चर्च होते, आणि त्या पंथाच्या खर्चासाठी कॅथॉलिक शेतकऱ्यालासुद्धा धर्मकर द्यावा लागत असे. कॅथॉलिकांना स्वतःची दफनभूमीही नव्हती. मृत्यूनंतर त्यांना राज्यकर्त्यांच्याच चर्चच्या आवारात जागा मागावी लागे, आणि तेथे त्यांच्या धर्मगुरूने उघडपणे प्रार्थना म्हणणे निषिद्ध असे. १८२३ साली याच शहरातील सेंट केव्हिनच्या दफनभूमीत एका कॅथॉलिक धर्मगुरूला प्रेतापाशी प्रार्थना म्हणत असता अडविण्यात आले. तो अपमान लोकांच्या जिव्हारी लागला. डॅनियल ओकॉनेल याच्या खटपटीने १८२९ मध्ये गोल्डनब्रिज येथे आणि १८३२ मध्ये ग्लासनेव्हिन येथे सर्व धर्मांच्या लोकांसाठी दफनभूमी उघडल्या गेल्या, त्यांच्या मुळाशी हा अपमान आहे. राजकीय स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी आयरिश माणसाला मरणानंतरच्या सहा फूट जागेसाठी भांडावे लागले.

अशा या राजमान्य चर्चच्या नोंदवहीत मोठमोठी नावे सापडावीत हे स्वाभाविकच आहे. आर्थर गिनेस या मद्यनिर्मात्याचा विवाह १७६१ मध्ये ऑलिव्हिया व्हिटमोर हिच्याशी येथेच लागला. या जोडप्याला एकवीस अपत्ये झाली आणि त्यांपैकी दहा जगली. त्या काळी श्रीमंताच्या घरीही मृत्यूची वर्दळ केवढी होती, हे या दोन आकड्यांवरून कळावे. ज्याच्या नावाचे काळे मद्य आज जगभर विकले जाते, त्याच्याच विवाहाच्या जागी ते आता पेल्यात ओतले जाते, याला योगायोग म्हणावा की थट्टा, ते ज्याचे त्याने ठरवावे. जॉन वेस्ली हा मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक १७४७ च्या ऑगस्टमध्ये प्रथम आयर्लंडला आला, तेव्हा पहिल्याच रविवारी त्याने येथे प्रवचन केले. श्रोतृवृंद छानछोकीचा आणि बेपर्वा असल्याची तक्रार त्याने दैनंदिनीत नोंदवून ठेवली आहे. हांडेल हा थोर संगीतकार येथील ऑर्गनवर सराव करीत असे, अशी परंपरागत समजूत आहे. तो १७४१-४२ मध्ये जवळच राहत होता एवढे खरे.

परंतु या नोंदवहीतील बाप्तिस्म्याची पाने उलटली म्हणजे चित्र पालटू लागते. १७५१ मध्ये येथे रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन याचा बाप्तिस्मा झाला. नाटककार म्हणून तो प्रसिद्ध आहेच; पण अयोध्येच्या बेगमांना लुबाडल्याबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर ब्रिटिश पार्लमेंटात १७८७ साली ज्याने तासन्तास आग पाखडली, तो वक्ता हाच. १७६३ मध्ये चर्चच्या मागील स्टॅफर्ड स्ट्रीटवर राहणाऱ्या एका गाड्या बनविणाऱ्या कारागिराच्या मुलाला येथे आणण्यात आले. थिओबाल्ड वुल्फ टोन असे त्याचे नाव ठेवले गेले. आयरिश प्रजासत्ताकाच्या कल्पनेचा जनक म्हणून आयर्लंड ज्याला मानते तो हा पुरुष. कॅथॉलिक, प्रॉटेस्टंट आणि प्रेस्बिटेरियन हे भेद विसरून सर्वांनी एकच आयरिश राष्ट्र व्हावे, या ध्येयाने १७९१ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह 'युनायटेड आयरिशमेन' ही संघटना स्थापिली, फ्रान्सच्या मदतीने उठाव केला, आणि १७९८ मध्ये पकडला जाऊन फाशीची शिक्षा झाली असता तुरुंगात गळ्याला झालेल्या जखमेने तो मरण पावला. त्याचा भाऊ मॅथ्यू त्याच वर्षी फासावर गेला.

टोन हे आडनाव मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस परके नाही. वुल्फ टोनचा आणखी एक भाऊ विल्यम हेन्री टोन हा हिंदुस्थानात येऊन पेशव्यांच्या चाकरीत पायदळाच्या एका पलटणीचा अधिकारी झाला होता. मराठ्यांची राज्यव्यवस्था, लष्कर आणि चालीरीती यांविषयी त्याने लिहिलेले दीर्घ पत्र १७९९ साली मुंबईत छापले गेले, आणि इतिहासकार आजही ते साधन म्हणून वापरतात. १८०२ मध्ये होळकरांच्या सैन्यात असता तो माळव्यात लढताना पडला. एक भाऊ फ्रेंच गणवेषात आयर्लंडच्या किनाऱ्यावर पकडला जातो आणि दुसरा मराठ्यांच्या निशाणाखाली मरतो. स्टॅफर्ड स्ट्रीटवरील त्या कारागिराने मुलांचे असे भवितव्य कधी कल्पिले असेल काय?

आता दफनभूमीकडे वळू. येथे १७४६ मध्ये फ्रान्सिस हचिसन हा तत्त्ववेत्ता पुरला गेला. हा ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक, ॲडम स्मिथचा गुरू. अधिकांत अधिक लोकांचे अधिकांत अधिक सुख ही नीतीची कसोटी प्रथम मांडणाऱ्यांपैकी एक. डब्लिनला भेटीसाठी आला असता तो वारला. पंथाने तो प्रेस्बिटेरियन होता, पण विसावला मात्र राजमान्य चर्चच्या मातीत. मेरी मर्सर ही उदार स्त्रीही येथेच आहे. १७३४ मध्ये तिच्या देणगीतून गरिबांसाठी रुग्णालय निघाले. हांडेलच्या 'मसाया' या संगीतकृतीचा १७४२ मधील पहिला प्रयोग ज्या धर्मादाय कार्यांच्या मदतीसाठी झाला, त्यांत हे रुग्णालय होते.

आणि येथेच लॉर्ड नॉरबरी आहे. 'फाशी देणारा न्यायाधीश' हे त्याला लोकांनी बहाल केलेले बिरुद. १८०३ मध्ये रॉबर्ट एमेट या तरुण क्रांतिकारकाला त्यानेच मृत्युदंड फर्माविला. १८३१ मध्ये त्याला पुरताना शवपेटी खाली सोडण्याचे दोर अपुरे पडले, तेव्हा जमलेल्यांपैकी कोणी म्हणाला की, दुसऱ्यांच्या बाबतीत याने दोराची काटकसर कधीच केली नाही, मग आपण तरी का करावी, अशी एक आख्यायिका डब्लिनमध्ये सांगतात. खरी असो वा नसो, लोकांच्या मनातील निकालपत्र ते हेच. त्यानंतर तीनच वर्षांनी चर्चच्या तळघरात आर्चिबाल्ड हॅमिल्टन रोवन याला ठेवण्यात आले. हा वुल्फ टोनचा सहकारी. १७९४ मध्ये राजद्रोही लेखनाबद्दल शिक्षा भोगत असता, तुरुंगाधिकाऱ्याला फूस लावून तो घरी आला आणि मागच्या खिडकीतून दोराने उतरून फ्रान्सला पळाला. दोराने त्याचा जीव वाचविला, आणि जे वाचले नाहीत त्यांचा न्यायाधीश त्याच्याच आवारात निजला. या दोघांच्या आप्तांनी एकाच दरवाजातून आत येऊन एकाच ग्रंथातील अंत्यप्रार्थना ऐकल्या असतील.

आयर्लंडचा लढा म्हणजे केवळ कॅथॉलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट असे सोपे समीकरण आपण दुरून मांडतो. सेंट मेरीच्या आवारात ते टिकत नाही. राज्यकर्त्यांच्या धर्माने ज्यांना नाव दिले, त्यांच्यातूनच त्या राज्याचे कट्टर विरोधक निपजले.

पुढील कहाणी उतरणीची आहे आणि ती थोडक्यात सांगता येते. १८०१ च्या सुरुवातीस आयरिश पार्लमेंट नाहीसे झाले आणि उमराव मंडळींनी डब्लिनचे वाडे हळूहळू सोडले. त्या वाड्यांच्या एकेका खोलीत एकेक कुटुंब राहू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर शहरातील जुन्या दफनभूमींचा वापर थांबत गेला, आणि १८७१ च्या आरंभापासून चर्चची राजमान्यताही संपली. १८८० मध्ये येथे शॉन ओकेसी या भावी नाटककाराचा बाप्तिस्मा झाला, तो मोजक्या मिळकतीच्या प्रॉटेस्टंट कुटुंबातला मुलगा होता. डब्लिनमधील चाळवजा घरांचे आयुष्य पुढे त्याने रंगभूमीवर आणले. विसाव्या शतकात भक्तांची संख्या रोडावत गेली. अखेर चर्चचे दरवाजे बंद झाले. दफनभूमीचे उद्यान करण्यात आले, आणि त्याला वुल्फ टोनचे नाव देण्यात आले. समाधिशिला उचलून एका कडेला रचून ठेवल्या गेल्या.

या नामकरणाविषयी माझ्या मनात नेहमी एक लहानसा आक्षेप उठतो. वुल्फ टोनचा गौरव व्हावा हे योग्यच. पण तो येथे पुरलेला नाही. त्याचे थडगे किल्डेअर परगण्यात बोडन्स्टाउन येथे आहे. जे खरोखर या मातीत आहेत त्यांच्या शिला मात्र आपापल्या जागेवरून हलल्या. दगड आणि त्याखालचा मनुष्य यांची एकदा ताटातूट झाली की ती जुळविता येत नाही. तत्त्ववेत्ते आणि न्यायाधीश यांची नावे इतिहासाने राखली. शेजारच्या गल्ल्यांतील शिंपी, मोलकरणी आणि पाळण्यातली लेकरे यांना शिला मुळातच नव्हत्या.

त्यांना राखले ते कागदाने. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. १९२२ च्या जूनमध्ये यादवी युद्धात, सेंट मेरीपासून थोड्याच अंतरावर असलेल्या 'फोर कोर्ट्स' या न्यायालयाच्या आवारातील सरकारी दप्तरखाना स्फोटात आणि आगीत भस्मसात झाला. मध्ययुगापासूनचे कागद जळाले. अँग्लिकन पॅरिशांच्या शेकडो नोंदवह्या तेथे आणून ठेवल्या होत्या, त्या गेल्या. ज्या पॅरिशांनी आपल्या वह्या सुरक्षित जपण्याची हमी देऊन स्वतःजवळ ठेवल्या होत्या, त्यांच्या तेवढ्या वाचल्या. सेंट मेरीच्या वह्या वाचल्या. १६९७ पासूनचे जन्म, विवाह आणि दफन त्यांत ओळीने लिहिलेले आहेत.

चर्चच्या वास्तूचे पुढे काय झाले ते आरंभी आलेच आहे. बंद पडल्यावर काही वर्षे तेथे दुकान होते. मग एका व्यावसायिकाने ती घेऊन बराच खर्च करून दुरुस्त केली, आणि २००५ साली तेथे उपाहारगृह व मद्यगृह सुरू झाले. पुष्कळ भाविकांना हे रुचत नाही, आणि त्यांची व्यथा मी समजू शकतो. परंतु याच शहरात ऑन्जिए स्ट्रीटवरील सेंट पीटर चर्च, ज्याच्या आवारात एमेट कुटुंबाचे तळघर होते, ते पार पाडून टाकण्यात आले; आता ते पाहावयाचे म्हटले तरी काही उरलेले नाही. सेंट मेरीची कमानदार खिडकी, सज्जे आणि ऑर्गनचा घाट हे निदान जागेवर आहेत. चौकाचे मात्र अजून ठरत नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरीस हिरवळ काढून तेथे फरसबंदी केली गेली, आणि जत्रा व समारंभ भरू लागले. त्या उघड्या दगडी अंगणाविरुद्ध रहिवाशांनी वर्षानुवर्षे तक्रार केली. अखेर २०२० नंतर महापालिकेने फरशी उखडून तेथे पुन्हा गवत आणि झाडे लावली. रचून ठेवलेल्या समाधिशिला अद्याप कडेलाच आहेत. पावसाने अक्षरे पुसट झाली आहेत, तरी ऊन तिरपे पडले की काहींवरची नावे वाचता येतात.