कमवा आणि शिका : वरची पायरी



मुलगा वा मुलगी एम.एस्सी. झाली की घरात एक प्रश्न हटकून निघतो : 'आता आणखी किती वर्षे शिकवायचे?' ओढाताणीच्या संसारातून आलेला हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु गणित आणि पदार्थविज्ञान यांच्यापुरते उत्तर आम्ही स्पष्ट देतो : यापुढे वडिलांनी शिकवायचे नाही. विद्यार्थ्याने संशोधन करायचे आणि त्याला त्याचे विद्यावेतन मिळायचे.

ही कल्पना कऱ्हाडकरांना परकी वाटू नये. आपल्याच तालुक्यातील काले येथे १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 'कमवा आणि शिका' हा मंत्र महाराष्ट्राने त्यांच्याकडूनच घेतला. संशोधनवृत्ती ही त्याच जिन्याची वरची पायरी होय. ती भीक नव्हे आणि कर्जही नव्हे.

पूर्वी अशी दारे मोजकीच होती. रँग्लर परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर १९५७ साली टाटा शिष्यवृत्तीच्या आधारे तेथेच गेले. आज दारे पुष्कळ आहेत. 'नेट' परीक्षेतून कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, आणि काम समाधानकारक ठरल्यास पुढे ४२,००० रुपये मिळतात. मात्र नुसते 'नेट' उत्तीर्ण होणे वेगळे आणि ही वृत्ती मिळणे वेगळे. पहिल्याने अध्यापनाची पात्रता येते, पैसा येत नाही. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था स्वतःची प्रवेशपरीक्षा घेते. पुण्याच्या 'आयुका'सारख्या संस्थांसाठी 'जेस्ट' परीक्षा आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे खालच्या वर्गांना शिकवण्याच्या बदल्यात फी माफ करून वेतन देतात. जर्मनीत तर संशोधकाची जागा पुष्कळदा नोकरीसारखी जाहिरात देऊन भरतात.

मग आपली मुले मागे का राहतात? बुद्धी कमी म्हणून नव्हे. वार्ता उशिरा पोहोचते म्हणून! निकालाचे पेढे वाटून झाले की जूनमध्ये आपली चौकशी सुरू होते. अमेरिकेतील बहुतेक अर्जांची मुदत आदल्या डिसेंबरच्या सुमारासच संपलेली असते. तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातच हवी.

जागा मिळाली तरी तीन प्रश्न विचारल्याशिवाय होकार देऊ नये : पैसा कोण देणार? किती वर्षे देणार? आणि या मार्गदर्शकांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत प्रबंध पुरा करून बाहेर पडले? विद्यावेतन कधी कधी महिनेन् महिने रखडते, आणि डॉक्टरेट म्हणजे प्राध्यापकीची हमी नव्हे, हेही आम्ही लपवीत नाही.

मुलींच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिक महत्त्वाची. शिक्षण थांबवून लग्नाची घाई करणाऱ्या घरात, दरमहा स्वतःची कमाई आणणाऱ्या मुलीचे म्हणणे निराळ्या कानांनी ऐकले जाते.

गावाकडे आमचे मागणे लहानच आहे. वाचनालयात एक फळा लावावा, त्यावर या परीक्षांच्या तारखा लिहाव्यात, आणि बाहेर संशोधन करणारी आपली मुले सुटीत घरी आली की त्यांना तेथे तासभर बसवावे. पैसा देशाने आणि परदेशानेही ठेवला आहे. आपण निरोप तेवढा वेळेवर पोहोचवू या.