आमची 'केस' करू नका

(रत्नागिरीतील युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथं बसलेल्यांपैकी बरेचजण समाजकार्याचं शिक्षण घेताहेत. काहीजण एमएसडब्ल्यू होऊन संस्थांमध्ये, सरकारी योजनांमध्ये नोकरीला लागलेत. वाडीत जाता, फॉर्म भरता, अहवाल पाठवता. आज मला तुमच्याशीच भांडायचंय. म्हंजे तुमच्या हातात जे हत्यार दिलंय, त्याच्याशी.

हे हत्यार आलं कुठून? 1936 साली मुंबईत, नागपाड्याला, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट, अमेरिकन मिशनरी. माणूस तळमळीचा, कामगारवस्तीत काम केलेला. पण त्यांच्यासोबत जी विद्या आली ती अमेरिकेतल्या शहरी गरिबांवर बेतलेली. तिचं पहिलं अक्षर 'केस'. एक माणूस घ्या, एक कुटुंब घ्या, त्यांचं कुठं बिघडलंय ते शोधा, त्यांना परिस्थितीशी जुळवून घ्यायला शिकवा.

आता ही विद्या बौद्धवाडीत न्या. नवरा दारू पितो का? पोरं शाळेत जातात का? बचत करता का? हात धुता का? सगळे प्रश्न आमच्या चुलीपर्यंत येतात. पण वाडी गावाच्या कडेलाच का? नळाची लाईन आमच्या अलीकडेच का संपते? जमीन कुणाच्या नावावर? स्मशानाची वाट कुणी अडवली? याला फॉर्मात रकाना नाही. आणि ज्याला रकाना नाही ते अहवालात येत नाही, अहवालात नाही ते सरकारदरबारी घडलेलंच नसतं. साहेब लोक याला शास्त्र म्हणतात. मी याला जात म्हणतो.

हे मी आज नवीन सांगत नाही. मुंबईत ते स्कूल निघण्याच्या चार वर्षं आधी बाबासाहेबांनी हे लिहून ठेवलंय. पुणे करार झाला 24 सप्टेंबर 1932 ला. लगोलग अस्पृश्यता निवारणासाठी अखिल भारतीय संघ निघाला. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस ठक्करबाप्पा. पुढं त्याचंच नाव हरिजन सेवक संघ. 14 नोव्हेंबर 1932 ला गोलमेज परिषदेला जाताना बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करबाप्पांना लांब पत्र लिहिलं. त्यात ते दोन रस्ते सांगतात. पहिला रस्ता धरतो की माणूस हालात आहे तो स्वतःच्या दुर्गुणांमुळं. मग दारूबंदी करा, व्यायामशाळा काढा, वाचनालयं काढा, त्याला सद्गुणी बनवा. दुसरा रस्ता म्हणतो, माणूस ज्या परिस्थितीत जखडलाय ती परिस्थिती बदला. बाबासाहेबांनी दुसरा रस्ता धरायला सांगितलं. विहिरीवर, शाळेत, रस्त्यावर हक्क बजावा. गावोगाव कार्यकर्त्यांची फौज उभी करा, ती अस्पृश्यांना हक्कांसाठी लढायला उभं करील, कोर्टकचेरीत साथ देईल. यात दंगे होतील, रक्त सांडेल, हेही त्यांनी झाकलं नाही. या पत्राची साधी पोचसुद्धा आली नाही, असं बाबासाहेबांनीच पुढं लिहिलंय. संघानं पहिला रस्ता धरला. तो सोपा होता. त्यात सवर्णाच्या केसाला धक्का लागत नाही.

आपल्या रत्नागिरीत या. पतितपावन मंदिर आपण रोज बघतो. 1931 साली भागोजीशेठ कीरांच्या पैशातून आणि सावरकरांच्या पुढाकारानं ते उभं राहिलं, सर्व हिंदूंना खुलं. त्या काळात हे धाडसाचं होतं, नाकारायचं कारण नाही. पण नाव वाचा. पतित कोण? आम्ही पडलो होतो की पाडले होते? पाडणाऱ्यानं पडलेल्याला पावन करायचं, ही भाषा समाजसेवेच्या अंगात तेव्हापासून मुरलीय. आता तिचं नाव 'सक्षमीकरण' आहे एवढंच.

देवळाचं दार उघडलं तेव्हा या जिल्ह्यात खोती शाबूत होती. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत. वसुली त्याची, वेठ त्याची, मर्जी त्याची. आंबडवे याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. त्या मातीतल्या घराण्याच्या पोरानं 17 सप्टेंबर 1937 ला मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. 10 जानेवारी 1938 ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चानं गेले. त्यांत महार होते, कुणबी होते. ते बिल काही पास झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा यायला 1949 उजाडलं. आता सांगा, यातलं समाजकार्य कोणतं? माझ्या हिशेबी तो मोर्चा. पण सिलॅबसमध्ये तो 'राजकारण' म्हणून बाहेर बसतो.

कागदावर हक्क मिळाला म्हंजे मिळाला असंही नाही. 1923 साली सी. के. बोल्यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव झाला. महाड नगरपालिकेनं 1924 ला तळं खुलं केल्याचा ठराव केला. पाणी मात्र कुणी घेऊ शकत नव्हतं. 20 मार्च 1927 ला माणसं चालत गेली, ओंजळ भरली, मार खाल्ला. उच्च न्यायालयाचा निकाल 1937 ला. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं. चांगलं केलं. पण पाटी बदलली म्हणून पाइप पुढं सरकत नाही.

आता तुमच्या रोजच्या कामातलं बोलू. समजा शिमग्याच्या पालखीवरून वाद झाला आणि गावकीनं एका घराला वाळीत टाकलं. दुकानदार मीठ देईना, गिरणीवाला दळण घेईना. संस्थेचा कार्यकर्ता येतो आणि म्हणतो, 'दोन्ही बाजूंनी थोडं सामंजस्य दाखवा.' दोन्ही बाजू? एकीकडं अख्खं गाव, दुसरीकडं पाच माणसं आणि रिकामा डबा. इथं मधे उभा राहणारा गावाच्या बाजूनंच उभा असतो. 2016 साली महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केलाय, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या घराला समुपदेशन नकोय. त्याच्यासोबत पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसणारा माणूस हवाय.

तुम्ही म्हणाल, आता आपलीच पोरं समाजकार्यात आलीत, मग बदलेल. बाबासाहेबांनी त्याच पत्रात, कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांतलेच घ्या, म्हणून सांगितलं. पण आपल्यातही लबाड आहेत, हेही सांगितलं. जात एकच असली म्हणून नोकरी क्रांती होत नाही. आणि आपली पोरं तिथवर पोचणार कशी? 2018 च्या फेब्रुवारीत टाटा संस्थेच्या विद्यार्थ्यांना संप करावा लागला, कारण शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या दलित-आदिवासी पोरांची फीमाफी काढून घेतली होती. जिथं शोषितांची सेवा शिकवतात, तिथं शोषिताला आधी फी भरायला सांगितलं.

म्हणून उद्यापासून एवढं करा. फॉर्मात आमच्या चुलीचा प्रश्न असेल तर खालच्या कोऱ्या जागेत गावाचा प्रश्न लिहा: पाणी कुणी अडवलं, जमीन कुणाकडं, तक्रार नोंदवायला कुणी नकार दिला. 'लाभार्थी' लिहायच्या जागी 'हक्कदार' लिहा. साहेब खोडेल, पुन्हा लिहा. अॅट्रॉसिटी कायद्याच्या 1995 च्या नियमांत 17 वा नियम आहे. कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती, तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक. आपल्या जिल्ह्याच्या बैठका कधी झाल्या, इतिवृत्त कुठं आहे, ते लेखी मागा. आणि अहवाल मुंबई-दिल्लीला पाठवण्याआधी वाडीत वाचून दाखवा. ज्यांच्याविषयी लिहिलंय ते मान हलवतील तरच पाठवा.

यानं नोकरी जाईल? काहींची जाईल. घरी म्हातारे आईबाप आहेत, हप्ते आहेत, मला ठाऊक आहे. म्हणून एकट्यानं करू नका. एका तालुक्यातले सहाजण एकत्र या, एकच प्रश्न सहा अहवालांत घाला. एकाला काढणं सोपं असतं, सहाजणांना काढताना साहेबालाही विचार करावा लागतो.

जय भीम.