पाल्यातले औषध



बेडकीचा वेल तुम्ही पाहिला असेल. कोकणात आणि घाटातल्या रानात तो झाडांवर चढतो. कोणी त्याला कावळी म्हणतात. वैद्य त्याला मधुनाशिनी म्हणतात. त्याचा पाला चावा आणि वर गुळाचा खडा तोंडात टाका. गूळ मातीसारखा लागतो! थोड्या वेळाने चव परत येते.

हे पाहून लोक म्हणतात, "जिभेवरची गोडी गेली, तशी रक्तातली साखरही जाणार." मग मधुमेहाचा रोगी डॉक्टरांची गोळी बंद करतो आणि पाला खात बसतो. असे करू नये. का करू नये, तेच आज आम्ही सांगणार आहोत.

जीभ वेगळी, रक्त वेगळे. जिभेवर गोडी कळण्याच्या जागा असतात. पाल्यातला पदार्थ त्या जागा अडवतो. १८८७ साली उटी येथे डेव्हिड हूपर या रसायनशास्त्रज्ञाने तो पाल्यातून वेगळा काढला. पुढे कळले, तो एक पदार्थ नाही, अनेक सारख्या पदार्थांचा गट आहे. त्याने रक्तातली साखर किती उतरते, याची तपासणी अजून चालू आहे. गोळी सोडून पाल्यावर राहावे, असा पुरावा मिळालेला नाही.

मग झाडपाला टाकाऊ म्हणायचा का? मुळीच नाही. गॅलेगा नावाची वनस्पती युरोपात उगवते. तिकडचे लोक जुन्या काळापासून ती औषधात वापरीत. पण मेंढ्यांनी ती फार खाल्ली, तर त्या मरत. एकाच पाल्यात औषध आणि विषही!

दुधात लोणी असते, पण दिसत नाही. घुसळले की वर येते. शास्त्रज्ञांचे कामही तसेच. ते पाला वाळवतात, कुटतात, पाण्यात किंवा मद्यार्कात भिजवून अर्क काढतात. अर्कातला एकेक पदार्थ वेगळा करतात. कोणता गुणकारी, कोणता घातक, किती मात्रा सोसते, हे आधी प्राण्यांवर आणि मग माणसांवर पाहतात.

गॅलेगातून गॅलेजीन हा पदार्थ निघाला. त्याने रक्तातली साखर उतरे, पण तो अंगाला बाधे. त्याच्याच भावकीतला सौम्य पदार्थ म्हणजे मेटफॉर्मिन. तो १९२२ साली डब्लिन शहरात प्रयोगशाळेत तयार झाला. १९५७ साली फ्रान्सचे डॉक्टर झां स्टर्न यांनी मधुमेहावर त्याचा उपयोग जाहीर केला. मध्ये पस्तीस वर्षे गेली! आज दवाखान्यात मधुमेहाला बहुधा हीच गोळी आधी देतात. यकृत जादा साखर तयार करते, त्याला ती आळा घालते.

गोळीत औषध मोजून घातलेले असते. पाल्यात ते जमिनीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे कमीजास्त होते. गोळी आणि पाला दोन्ही घेतले, तर कधी साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हातपाय कापतात, घेरी येते.

तेव्हा एवढे ध्यानात धरा. गोळी किंवा इन्सुलिनची सुई आपल्या मनाने बंद करू नका. पाला घेत असाल, तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. आणि वेळच्या वेळी रक्त तपासून घ्या. साखर उतरली की नाही, ते जिभेला विचारू नका, रक्ताला विचारा.