हरित अर्थव्यवस्थेचा खर्च कोणाच्या माथी?

हवामानबदल रोखण्यासाठी उद्योग बदलावे लागतील, याला आपला विरोध नाही; धूर सर्वांत आधी कामगारच गिळतो. प्रश्न खर्चाचा आहे. ८ जुलै १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ कारखान्यांना ३० नोव्हेंबरपर्यंत शहरातील काम थांबवण्याचा आदेश दिला. कायमच्या बंद होणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना आधी एक वर्षाचे, डिसेंबरात सहा वर्षांचे वेतन भरपाई म्हणून ठरले. मालकांकडे निदान जमिनीचा वाटा उरला! पण हजेरीपटावर नावच नसलेला कंत्राटी कामगार पुरावा कोठून आणणार? २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांसाठी न्याय्य स्थित्यंतराचा उल्लेख आहे. कोळसा खाणींसाठी तो कायद्याच्या कलमात हवा: कंत्राटी कामगारांची नोंद आजपासून, पर्यायी काम खाण बंद होण्याआधी.