आधी भाडेकरूला विचारा



 समोर इंग्लंडभरातून आलेले मराठी घरमालक आहेत, लेटिंग एजंट आहेत, माझ्यासारखे ऊर्जा असेसर आहेत. मागच्या रांगेत काही भाडेकरू दिसतात. संयोजकांनी त्यांना पुढे बसवावे, कारण आजचा विषय त्यांचाच आहे.

कायदा आपल्याला पाठ आहे, म्हणून तो थोडक्यात उरकतो. भाड्याच्या घराला २००८ पासून ईपीसी, म्हणजे ऊर्जाक्षमतेचे प्रमाणपत्र, लागते; ते १० वर्षे चालते. किमान 'ई' श्रेणी एप्रिल २०१८ पासून नव्या करारांना आणि एप्रिल २०२० पासून चालू करारांनाही सक्तीची झाली. सूट नसेल तर ५,००० पौंडांपर्यंत दंड आहे. आता सरकार २०३० पर्यंत 'सी'ची भाषा करते आहे. म्हणजे लोकांच्या राहत्या घरांत आपल्याला पुन्हा एकदा टेप आणि कॅमेरा घेऊन शिरायचे आहे.

ते आपण कसे करतो? एजंट संध्याकाळी मेसेज टाकतो, "उद्या दहा ते दोनमध्ये ईपीसीवाला येईल." संपले! कुणी हरकत घेतलीच तर १९८५च्या घरमालक-भाडेकरू कायद्यातली २४ तासांची लेखी सूचना दाखवतो. पण ते कलम दुरुस्तीच्या पाहणीपुरते आहे. ईपीसीसाठी करारात काय लिहिले आहे ते बघावे लागते, आणि घरात निर्वेध राहण्याचा भाडेकरूचा हक्कही विसरता येत नाही.

अशा मेसेजने दाराआड काय होते ते बघा. पुण्या-नाशिकहून शिकायला आलेली चार मुले लंडनच्या उपनगरात भाड्याने घर घेतात. करारावर नावे चार, खोल्यांत गाद्या पाच. 'तपासणी' म्हटले की पाचवी गादी कपाटामागे जाते आणि बेल वाजली तरी दार उघडत नाही. दुसऱ्या घरात बेडरूमच्या कोपऱ्यात बुरशी चढलेली असते. रेडिएटरवर आपण कपडे वाळत घालतो म्हणून खापर आपल्याच डोक्यावर फुटेल, अशी तिथल्या बाईंना धास्ती. तिसऱ्याला वाटते, श्रेणी वाढली की भाडेही वाढणार. ही शेवटची भीती अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पहिल्या दोन मात्र मेसेजमधल्या एका ओळीने गेल्या असत्या.

असेसर गाद्या मोजत नाही. तो भिंतीची जाडी मोजतो, बॉयलरचे मॉडेल टिपतो, रेडिएटरवर थर्मोस्टॅटचे व्हॉल्व्ह आहेत का आणि किती दिवे एलईडी आहेत ते बघतो. माणसे किती, हे सॉफ्टवेअर क्षेत्रफळावरून धरते. हिटिंग बंद ठेवून दोन-दोन स्वेटरांत बसणाऱ्या कुटुंबाचे बिल कमी येईल, पण श्रेणी तसूभर सुधारणार नाही. परीक्षेला बसलेय ते घर.

आता आपल्या स्वार्थाचे बोलतो, म्हणजे सभागृह जागे होईल. लॉफ्टचे झाकण बहुधा जिन्याच्या माथ्यावर असते, आणि नेमके त्याखाली बाळाचा पाळणा किंवा बुटांचे कपाट. असेसरला वर डोकावता आले नाही, की तिथे इन्सुलेशनचा २७० मिलिमीटरचा थर असूनही तो हिशेबात येत नाही. घराच्या वयावरून आकडा गृहीत धरला जातो. जुन्या विटांच्या भिंतीला आतून इन्सुलेशन केले असेल आणि त्याचा कागद नसेल, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ती भिंत उघडीच. काठावरचे घर अशाने 'ई'वरून 'एफ'ला घसरते आणि मालक नसत्या खर्चात पडतो. मालक बर्मिंगहॅमला, एजंटने घर एकदा ओझरते पाहिलेले. गरम पाण्याची टाकी कुठल्या कपाटात आहे, मीटरच्या पेटीची किल्ली कुठे असते, कुठली खिडकी नुकतीच बदलली, हे सांगणार कोण? जो तिथे राहतो तोच.

फोटो पुरावा म्हणून घ्यावेच लागतात. पण बॉयलरशेजारी देव्हारा असतो, भिंतीवर मुलांचे फोटो असतात. विचारून घ्यावेत, आणि बॉयलरचा फोटो बॉयलरपुरताच असावा. बूट काढायला सांगितले की कुरकुरणारे असेसर मला ठाऊक आहेत. त्यांत आपले मराठीही आहेत, हे विशेष.

दुपारच्या सत्रात मी ठराव मांडणार आहे. पाहणीच्या आठवडाभर आधी भाडेकरूला फोन करावा. तीन वेळा सुचवाव्यात, त्यांतली एक संध्याकाळची किंवा शनिवारची असावी. कोण येणार, काय बघणार आणि काय बघणार नाही, हे लेखी कळवावे. प्रमाणपत्राची प्रत मालकाबरोबरच भाडेकरूलाही जावी, कारण गॅसचे बिल बहुतेक ठिकाणी तोच भरतो. "एवढा वेळ कुणाला आहे?" असे काही एजंट मित्रांनी कालच विचारले. त्यांनी ठरावाच्या विरोधात जरूर बोलावे. फक्त बंद दारावरून परत आलेल्या असेसरच्या फेऱ्यांचे पैसे त्यांनी कुठल्या खात्यात टाकले, तेही सांगावे. भाडेकरूवर त्याचे शुल्क लावायची सोय २०१९च्या भाडेकरू-शुल्क कायद्याने ठेवलेली नाही.