टेबल फुटबॉल : कागद हरवला, खेळ राहिला
(मंडळाच्या सभागृहात केलेले भाषण)



आपल्या सभागृहात टेबल फुटबॉलचे टेबल आले, तेव्हा ‘हा खेळ आपला नव्हे, कॅरम काय वाईट होता?’ असा आक्षेप काही ज्येष्ठांनी घेतला. त्यांत आम्हीही होतो. पुढे या खेळाची माहिती मिळविली आणि आमचे मत पालटले. ते का, हेच आज सांगावयाचे आहे.

खेळ समजावयास सोपा. टेबलावर आडवे आठ दांडे. प्रत्येक पक्षाकडे चार. नेहमीच्या रचनेत गोलरक्षक एक, बचावास दोन, मधल्या फळीत पाच आणि आघाडीस तीन, असे अकरा खेळाडू. दांडा पुढेमागे सरकवावयाचा व मनगटाच्या झटक्याने चेंडू मारावयाचा. नवशिके दांडा गरगरा फिरवितात. स्पर्धेत ते निषिद्ध आहे. चेंडू थांबवून, फट हेरून मारणे, हेच खरे कौशल्य.

या खेळाच्या जनकत्वाचे दावेदार अनेक. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड सर्ल्स थॉर्नटन यांना १९२३ साली पेटंट मिळाले. स्पेनमध्ये मात्र हे श्रेय आलेहांद्रो फिनिस्तेरे या कवीस देतात. यादवी युद्धात, १९३६ साली, माद्रिदवरील बॉम्बहल्ल्यात तो ढिगाऱ्याखाली सापडून जखमी झाला. मोन्सेरात येथील रुग्णालयात त्याने जायबंदी मुले पाहिली. त्यांना फुटबॉल अंतरला होता. मुले मैदानावर जाऊ शकत नाहीत, तर मैदानच टेबलावर आणावे, असे त्याच्या मनाने घेतले. आल्तुना नावाच्या सुताराने टेबल घडविले आणि १९३७ साली बार्सिलोनात पेटंटही झाले. युद्धात पराभव झाल्यावर तो पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्सला निघाला. वाटेत पावसाने पेटंटचे कागद नष्ट झाले, असे तो पुढे सांगत असे.

आम्ही सारी नोकरी सरकारी कागद सांभाळण्यात घालविली. कागद गेला की हक्क गेला, हीच आमची समजूत. येथे कागद गेला, तरी स्पेनच्या गावोगावी तो खेळ रुजला. कवी ग्वाटेमाला, मेक्सिको असा परदेशी राहिला आणि अखेर मायदेशी परतून २००७ साली सामोरा येथे निवर्तला.

आणखी एक गोष्ट. त्याचे जन्मनाव कांपोस रामिरेस. फिनिस्तेरे हे त्याच्या गावाचे नाव. तेच त्याने लावले. आपल्यात असता तर तो ‘फिनिस्तेरकर’ झाला असता! गाव सुटले, नावातून सुटले नाही. आपणां सर्वांस हे निराळे सांगावयास नको.

दिवसभर शाळेत परभाषा बोलणारी आपली मुले संध्याकाळी त्या टेबलाभोवती ‘गोल झाला’, ‘नाही झाला’ म्हणून मराठीत भांडतात. ते भांडण ऐकले आणि आम्ही आमचा आक्षेप मागे घेतला. कॅरम राहू द्या. टेबलही राहू द्या. ज्येष्ठांनी मात्र एकदा तरी नातवंडांसमोर दांडा धरावा. आम्ही धरला, आणि हरलो.