गाडी ओढत नाही, म्हणजे काय?

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ बाहेर पडली आणि १९७४ पासून तिचं नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून तिनं निरोप घेतला. पण हौशी मालकांच्या दारात ती अजून उभी आहे आणि त्यांची तक्रार ठरलेली असते: “पिकअप नाही, मिसिंग करते.” हे ऐकताच मेकॅनिकचा हात कार्बुरेटरच्या स्क्रूकडे जातो. माझं म्हणणं आहे, की तो हात अर्धा तास खिशात ठेवावा.

कारण दोष इंजिनाचा आहे हेच अजून ठरलेलं नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगात गाडी न्यूट्रलला टाका. ती लगेच मंदावली, तर ब्रेक धरलेत. चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी सरकत नाही, तर क्लच स्लिप होतोय. इंजिन बिचारं निर्दोष असतं.

ते दोषी आहे असं गृहीत धरू. पहिला प्रश्न: मिसिंग केव्हा होतं? स्लोवर गाडी थरथरते आणि रेस दिली की सुरळीत होते, तर बहुधा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून ती बाहेरची हवा ओढतेय. स्लोवर इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, त्यामुळे चोरून आलेली हवा तिथे जास्त जाणवते. उलट, स्लोवर कसलीच कुरकुर नाही पण खोपोली सोडून बोरघाट चढू लागलात की झटके, तर विजेवर संशय घ्या. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. थकलेली कॉइल, झिजलेला प्लग किंवा चीर गेलेली डिस्ट्रिब्युटरची कॅप नेमकी तिथे माघार घेते.

दुसरा प्रश्न: मिसिंग कोणत्या सिलिंडरचं? इंजिन स्लोवर ठेवून, चांगल्या इन्सुलेशनच्या पकडीनं प्लगची एकेक वायर काढा आणि परत लावा. कामाच्या सिलिंडरची वायर निघाली की इंजिन अडखळतं. ज्याची वायर काढूनही आवाजात फरक पडत नाही, तो मेलेला. (नव्या इलेक्ट्रॉनिक गाडीवर हा उद्योग करू नका. महागात पडेल.) सर्व्हिसिंगहून आणल्या आणल्या मिसिंग सुरू झालं असेल, तर वायरींचा क्रम बघा: १-३-४-२. अदलाबदल झालेली असणं अजिबात दुर्मीळ नाही.

आता चारही प्लग काढून कागदावर ओळीनं मांडा. बिस्किटासारखा तपकिरी रंग चांगला. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी, आणि तेलकट ओला म्हणजे ऑइल वर चढतंय. प्लग निघालेलेच आहेत, तर कॉम्प्रेशनही मोजून घ्या. एकाचं कमी आलं, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. काटा वर गेला तर रिंगा झिजल्यात. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारच्या दोघांचं एकदम कमी आलं, तर हेड गॅस्केट त्यांच्यामध्ये फुटलेलं असू शकतं. व्हॉल्व्हवर संशय असेल तर टॅपेटचं अंतर तपासा. वाजणाऱ्या टॅपेटला मालक घाबरतात. मला मुका टॅपेट जास्त भीतिदायक वाटतो. अंतर उरलेलं नसेल, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो.

कॉम्प्रेशन ठीक निघालं, तर डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटकडे या. चार सिलिंडरचं हे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे करत असताना पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतो आणि मिटतो. त्याची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, फट कमी होते, आणि ठिणगी हळूहळू उशिरा पडू लागते. ताकद जाते, इंजिन तापतं, पेट्रोल वाढतं. हे सगळं इतक्या सावकाश होतं, की मालकाला कळतच नाही. म्हणून आधी फट लावायची, मग टायमिंग. उलट केलंत तर फट बदलताच टायमिंग पुन्हा हलतं. पॉइंट खड्डे पडून जळलेला असेल, तर पॉलिश पेपर मारून भागवू नका, कंडेन्सरही बदला. हा कंडेन्सर मोठा लबाड. तापला की दगा देतो, गॅरेजात थंड झाला की साळसूद.

राहिलं पेट्रोल. काही किलोमीटर धावून गाडी मरते आणि थांबल्यावर पुन्हा चालते, तर टाकीचं झाकण उघडून बघा. आत हवा शिरल्याचा फुस्स आवाज आला, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. उन्हाळ्यात गाडीच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळायची टॅक्सीवाल्यांची युक्ती खरी आहे. त्यानं नळीत झालेली पेट्रोलची वाफ निवते. पण हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. नळ्या आणि पंपाचा डायाफ्राम नव्या रबराचे बसवून घ्या. डायाफ्राम फाटला की पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, तर त्या दिवशी गाडी सुरूच करू नका.